दोन आकृत्या, एक अँप्लिफायर

इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर स्वतः बांधू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन आकृत्या पडतात. पहिली मंडलाची आकृती. तिच्यात व्हॉल्व्ह, रोध, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर यांची चिन्हे रेषांनी जोडलेली असतात. दुसरी मांडणीची आकृती. तिच्यात प्रत्यक्ष पट्टी, तिच्यावरचे सुटे भाग आणि कोणती तार कोणत्या पिनेला जाते हे चित्रासारखे दाखवलेले असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन येथे असलेल्या फेंडर कंपनीने १९५०च्या दशकात आपल्या अँप्लिफायरांसाठी या दोन्ही आकृत्या काढल्या आणि आज जगभर हौशी मंडळी त्यांच्याच नकला वापरतात. त्यांतील 'चँप' या सर्वांत लहान अँप्लिफायरचे, ५एफ१ या क्रमांकाच्या मंडलाचे, परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. यंत्राचे परीक्षण अनेकांनी केले आहे. आमचा रोख आकृत्यांवर, आणि त्या आकृत्या हाती देऊन 'एवढे जोडा की झाले' असे सांगणाऱ्या मार्गदर्शिकांवर आहे.

आजच्या शिक्षकाला याचे काय, असे कोणी विचारील. एकेकाळी उच्च माध्यमिक भौतिकशास्त्रात ट्रायोड होता. वर्धनांक, ॲनोड रोध आणि अन्योन्य वाहकता या तीन राशी पाठ करून विद्यार्थी गुण मिळवत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ट्रायोड पुस्तकातून गेला. पण गिटारवादकांनी व्हॉल्व्ह सोडला नाही. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथील कारखान्यांत आजही हे व्हॉल्व्ह तयार होतात. तेव्हा पुस्तकातून गेलेला ट्रायोड एखाद्या गिटारवेड्या विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा शाळेत येऊ शकतो, आणि येताना सोबत साडेतीनशे व्होल्ट घेऊन येतो. म्हणून हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही.

चँपचे मंडल लहान आहे. १२एएक्स७ या एका काचेत दोन ट्रायोड, त्यानंतर ६व्ही६ हा शक्तिवर्धक व्हॉल्व्ह, आणि प्रत्यावर्ती दाबाचा एकदिश दाब करणारा ५वाय३. एक आवाजाची कळ. स्वर बदलण्याची कळ नाही. स्पीकर ८ इंची, आणि मिळणारी शक्ती सुमारे ५ वॉट. गंमत अशी की तीन व्हॉल्व्हांच्या तंतू तापवण्यातच जवळजवळ १५ वॉट खर्ची पडतात. ६.३ व्होल्टवर पहिले दोन मिळून पाऊण अँपिअर घेतात आणि एकटा ५वाय३ हा ५ व्होल्टवर २ अँपिअर घेतो. गुणाकार विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

आता मांडणीच्या आकृतीकडे वळू. तिची भाषा आज्ञार्थी आहे. ही तार इथून तिथे, हा रोध या दोन छिद्रांत. फुलर्टनच्या कारखान्यात पट्ट्या जोडणाऱ्या कामगारांसाठी ती योग्यच होती. जुन्या चेसिसच्या आत चिकटपट्टीवर जोडणी करणाऱ्या स्त्रियांची नावे लिहिलेली आढळतात. त्या कुशल हातांना ट्रायोडचा सिद्धांत ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण कारखान्यात दुसरे कोणी तो जाणत होते, जोडलेले मंडल तपासत होते आणि बिघाड शोधत होते. घरी बांधणाऱ्याच्या पाठीशी असे कोणीही नसते. तोच आराखडा करणारा, तोच जोडणारा आणि तोच तपासनीस. अशा माणसाला फक्त जोडणाऱ्याची आकृती देणे आणि तिलाच 'सोपी पद्धत' म्हणणे, हा आमचा मार्गदर्शिकांवरचा पहिला आक्षेप आहे.

एक उदाहरण घेऊ. १२एएक्स७च्या तिसऱ्या पिनेपासून अर्थपर्यंत १५०० ओहमचा रोध जोडायचा असतो. मांडणीच्या आकृतीत तो इतर रोधांसारखाच एक रोध. वास्तविक पहिल्या ट्रायोडचा कारभार त्याच्यावर चालतो. जाळी १ मेगओहमच्या रोधातून अर्थला बांधलेली आहे, म्हणजे तिचा विभव शून्य. ट्रायोडमधून वाहणारी धारा कॅथोडखालच्या या १५०० ओहममधून जाते. ती धारा समजा ०.८५ मिलिअँपिअर असली, तर कॅथोड अर्थपेक्षा सुमारे सव्वा व्होल्ट वर उचलला जातो. कॅथोड सव्वा व्होल्ट वर याचाच अर्थ जाळी कॅथोडच्या तुलनेत सव्वा व्होल्ट ऋण. जाळीला ऋण विभव देण्यासाठी वेगळी बॅटरी लागली नाही, व्हॉल्व्हने स्वतःच्या धारेतून तो मिळवला. धारा वाढू लागली की कॅथोड आणखी वर जातो, जाळी आणखी ऋण होते आणि धारा आवरली जाते. ॲनोडकडे १ लाख ओहमचा रोध आहे. त्यात ८५ व्होल्ट पडतात. पुरवठा २५० व्होल्ट धरला तर ॲनोडवर १६५ उरतात. हे ज्याला कळले त्याला मीटर हाती घेतल्यावर काय दिसायला हवे हे आधीच माहीत असते. ॲनोडवर पूर्ण २५० दिसले, तर व्हॉल्व्हमधून धाराच जात नाही. २० दिसले, तर धारा आवरेनाशी झाली आहे. केवळ मांडणी पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एवढेच कळते की आवाज येत नाही.

वर्धनाचा हिशेब याहून रंजक आहे, आणि येथे मंडलाची आकृती वाचणाऱ्याचाही कस लागतो. १२एएक्स७चा वर्धनांक १०० असतो. माहितीपत्रकातील अन्योन्य वाहकता दर व्होल्टला १.६ मिलिअँपिअर आणि ॲनोड रोध ६२,५०० ओहम. दोहोंचा गुणाकार १०० येतो. जुन्या पाठ्यपुस्तकातील सूत्राचा पडताळा येथे आयताच मिळतो. मग एका ट्रायोडने संदेश शंभरपट वाढतो का? नाही. १ लाख ओहमचा भार आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा ६२,५०० ओहमचा रोध यांत विभागणी होऊन वर्धन ६१वर येते. त्यात कॅथोडखालच्या १५०० ओहमला बगल देणारा कपॅसिटर चँपमध्ये नाही. त्यामुळे संदेशाबरोबर कॅथोडही वरखाली होतो आणि जाळीला मिळणाऱ्या संदेशाचा काही भाग खाऊन टाकतो. हा १५०० ओहमचा रोध वर्धनांक अधिक एक, म्हणजे १०१ने गुणून हिशेबात धरावा लागतो, म्हणजे तो दीड लाख ओहमसारखा वागतो. वर्धन ३२ उरते. दुसऱ्या ट्रायोडच्या पुढे ६व्ही६च्या जाळीचा २ लाख २० हजार ओहमचा रोध लटकलेला आहे. प्रत्यावर्ती संदेशाच्या दृष्टीने तो ॲनोडच्या रोधाला समांतर असतो. तेव्हा तेथे वर्धन २४च्या आसपास. शंभराचे एकसष्ट, एकसष्टाचे बत्तीस, बत्तिसाचे चोवीस. माहितीपत्रकातला आकडा व्हॉल्व्हचा असतो, मंडलाचा नसतो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हाला सहज आठवत नाही. (आकडे ढोबळ आहेत. कमी धारेला ॲनोड रोध थोडा वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात वर्धन आणखी किंचित कमी भरेल.)

हाच हिशेब पुढे नेला तर गिटारवादकांच्या आवडत्या 'फाटलेल्या' आवाजाचा उगम सापडतो. ६व्ही६चा कॅथोड ४७० ओहमच्या रोधावर उभा आहे आणि सुमारे २० व्होल्ट वर असतो. म्हणून त्याच्या जाळीला शिखरापाशी २० व्होल्टपर्यंतचा संदेश पचतो. त्यापुढे जाळी कॅथोडपेक्षा धन होते, स्वतःच धारा ओढू लागते आणि संदेशाचा माथा सपाट होतो. २० व्होल्ट मिळवायला दुसऱ्या ट्रायोडच्या जाळीशी सुमारे ०.८ व्होल्ट हवेत. पुढे सांगितलेले पुनर्भरण धरले तर १.२. आवाजाची कळ पूर्ण उघडी असेल तेव्हा पहिला ट्रायोड तिच्यासह सुमारे ३० पट वर्धन देतो. म्हणजे गिटारकडून आलेले ४० मिलिव्होल्ट पुरेसे झाले. गिटारची चुंबकीय पिकअप जोरात छेडल्यावर याहून पुष्कळ जास्त दाब देते. तेव्हा या यंत्रात कळ पूर्ण फिरवली की विकृती येणारच, आणि ती प्रथम शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये येणार. हे कागदावर दहा मिनिटांत कळते. तरीही एखाद्या खास बनावटीचा कपॅसिटर पहिल्या ट्रायोडपाशी बसवल्याने 'फाट' गोड झाली, असे सांगणारे भेटतात.

येथे एका सांगोवांगीचाही समाचार घेतला पाहिजे. व्हॉल्व्ह सम गुणक स्वर निर्माण करतो म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषम गुणक स्वर निर्माण करतो म्हणून कर्कश, असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. गुणक स्वर सम की विषम हे भाग कोणता यावर ठरत नाही. तरंगाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यांत सारखीच काटछाट झाली की विषम गुणक येतात, असमान झाली की समही येतात. चँपमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह एकटाच आहे, त्याचे दोन्हीकडचे वागणे सारखे नाही, म्हणून सम गुणक भरपूर. मोठ्या अँप्लिफायरांत दोन शक्तिवर्धक व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणारे असतात. त्या रचनेत शेवटच्या टप्प्यातील सम गुणक एकमेकांना बव्हंशी खोडून काढतात. तरीही त्या अँप्लिफायरांना कोणी कर्कश म्हणत नाही. मग ते म्हणणे टिकत नाही हे उघड आहे.

आता मंडलाच्या आकृतीवरचा आक्षेप. ती विचाराची आकृती आहे हे खरे, पण तीही सर्व सांगत नाही. तिच्यातील रेषेला लांबी नसते, तारेला असते. ६व्ही६च्या ॲनोडची तार पहिल्या ट्रायोडच्या जाळीच्या तारेजवळून गेली, तर दोन तारांमधल्या अल्प धारितेतून संदेश मागे जाऊन अँप्लिफायर आपोआप शीळ घालू लागतो. तंतू तापवणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्या लागतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मारतात. नाही तर ५० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते. मंडलाच्या आकृतीत या तारा कोपऱ्यात वेगळ्याच काढून ठेवलेल्या असतात. अर्थचे चिन्ह दहा ठिकाणी दिसते, पण दहाही टोके चेसिसला कोठे व कोणत्या क्रमाने लावावीत हे त्या चिन्हात नाही. हे सगळे शहाणपण मांडणीच्या आकृतीत आहे, मात्र मुक्याने आहे. तार लांबून का नेली हे तिथे लिहिलेले नसते. म्हणून मांडणीची आकृती फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. पहिली आकृती समजल्यावर दुसरी वाचली, तर तिच्यातील प्रत्येक वळणाचे कारण शोधता येते आणि तेव्हाच ती शिकवू लागते.

दोन्ही आकृत्यांची एकत्र परीक्षा पाहायची असेल तर ऋण पुनर्भरणाची तार पाहावी. स्पीकरकडे जाणाऱ्या दाबाचा थोडा अंश २२,००० ओहमच्या रोधातून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे परत येतो. तिथे १५०० ओहमशी त्याची वाटणी होऊन साधारण साडेसहा टक्के भाग उरतो. जाळी वर जात असताना कॅथोडही थोडा वर गेला, तर दोहोंतील फरक कमी होतो, वर्धन घटते आणि विकृतीही घटते. चँपमध्ये हा परिणाम सौम्य आहे. ०.८ व्होल्टच्या जागी १.२ लागतात, एवढेच. पण परत येणारा संदेश त्याच दिशेने आला पाहिजे. दुसरा ट्रायोड संदेश उलटा करतो, ६व्ही६ पुन्हा सुलटा करतो आणि मग येतो ट्रान्सफॉर्मर. त्याची दोन टोके उलट जोडली की संदेशाची दिशा उलटते. कॅथोड खाली जातो, वर्धन वाढते, वाढलेला संदेश आणखी वाढवला जातो आणि सुरू करताच यंत्र किंचाळू लागते.

घरी बांधलेल्या चँपमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. मांडणीच्या आकृतीवर विसंबलेला मनुष्य सर्व तारा तपासतो, त्या आकृतीबरहुकूम निघतात, मग तो व्हॉल्व्ह बदलतो, कपॅसिटर बदलतो, पैसे घालवतो. तारांचे रंग एका कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरचे असतात, याने आणलेला दुसऱ्याचा असतो. ज्याला पुनर्भरण समजले आहे तो वीज बंद करून कपॅसिटर रिकामे करतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याची दोन टोके अदलाबदल करतो. किंकाळी थांबते.

याच तारेची आणखी एक कथा इतिहासात आहे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२च्या सुमारास फेंडरच्या बासमन ५एफ६-ए या मंडलावरून आपला जेटीएम४५ हा अँप्लिफायर बनवला. पुनर्भरणाचा रोध दोहोंकडे २७,००० ओहमचा. पण बासमनमध्ये तो २ ओहमच्या टोकाला होता आणि सुरुवातीच्या मार्शलमध्ये १६ ओहमच्या टोकाला. तेवढ्याच शक्तीला १६ ओहमवर दाब आठाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.८ पट असतो. तेवढ्या पटीने पुनर्भरण वाढले. नक्कल करताना आकडा जसाच्या तसा उतरला, अर्थ मात्र बदलला. व्हॉल्व्ह आणि स्पीकरची पेटीही निराळी होती, तेव्हा आवाजातील सगळा फरक या एकाच तारेच्या माथी मारणे बरोबर नाही. पण आकृती उतरवून घेणे आणि मंडल उतरवून घेणे यांत अंतर आहे एवढे त्यावरून दिसते.

आता फेंडरच्या मूळ मंडलाबद्दल थोडे परखड बोलले पाहिजे, कारण जुन्या वस्तूंच्या भक्तीत हे विसरले जाते. माहितीपत्रकात ६व्ही६जीटीच्या ॲनोडला ३१५ व्होल्ट आणि १२ वॉट अशी मर्यादा दिलेली आहे. चँपमध्ये तो व्हॉल्व्ह या मर्यादेच्या काठावर किंवा थोडा पलीकडेच चालतो. मोठ्या मॉडेलांत फेंडरने ती आणखी उघडपणे ओलांडली. त्या काळचे व्हॉल्व्ह हे सोसत. आजच्या कोणत्याही कारखान्याचा व्हॉल्व्ह सोसेलच असे गृहीत धरू नये. दुसरे, ही यंत्रे ११७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी आखलेली. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की भागले असे सांगितले जाते. दाबाचे भागते, वारंवारतेचे भागत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह दाब भागिले वारंवारता या प्रमाणात असतो. ६०च्या जागी ५० आले की तो वीस टक्के वाढतो, आणि गाभा काटकसरीने बनवलेला असला तर तो संपृक्त होऊन तापतो. आपल्याकडे बांधायचे तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेलाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तिसरे, त्या काळी अमेरिकेत असे अँप्लिफायर दोन पिनांच्या प्लगवर येत. चेसिस अर्थला जोडलेले नसे, आणि गिटारच्या तारा त्याच चेसिसला जोडलेल्या असत. जुन्या आकृतीशी इमान राखण्याच्या नादात कोणी हेही उतरवू नये. तीन पिना, चेसिसला घट्ट अर्थ आणि फेज तारेत फ्यूज, यात तडजोड नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट कपॅसिटरची. पुरवठ्याचा दाब गुळगुळीत करण्यासाठी १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर आहेत, आणि मूळ मंडलात त्यांना रिकामे करणारा रोध नाही. व्हॉल्व्ह गरम असताना वीज बंद केली तर तेच भार ओढून घेतात. पण व्हॉल्व्ह काढलेला असेल किंवा एखादा तंतू तुटलेला असेल, तर प्लग उपसल्यानंतरही बराच वेळ तीनशेच्या वर व्होल्ट आत बसून राहतात. ३५० व्होल्टला ३२ मायक्रोफॅरडमध्ये सुमारे २ ज्यूल ऊर्जा होते. आकडा लहान दिसतो म्हणून फसू नये. छातीतून गेलेला असा धक्का घातक ठरू शकतो, आणि यंत्र चालू असेल तर मागून पुरवठा चालूच राहतो. पुरवठ्यापासून अर्थपर्यंत २ लाख २० हजार ओहमचा रोध कायमचा जोडला, तर कालांक सात सेकंद येतो आणि पाच कालांकांनी, म्हणजे पस्तीस सेकंदांत, दाब अडीच व्होल्टच्या खाली येतो. त्या रोधात सतत अर्ध्या वॉटहून थोडी अधिक शक्ती जळते, म्हणून तो २ वॉटचा घ्यावा. एका रोधाची किंमत ती काय. तरी मार्गदर्शिकांत 'कपॅसिटर धोकादायक असतात, काळजी घ्या' असे जाड ठशात छापतात आणि हा हिशेब देत नाहीत. भीती दाखवून धोका टळत नाही. कोठे, किती आणि किती वेळ हे कळले तर टाळता येतो. तरीसुद्धा रोध आहे म्हणून विसंबू नये. एक हात खिशात ठेवून आधी मीटरने पाहावे, मग आत हात घालावा.

शाळेत हे यंत्र बांधावे असे आम्ही सुचवत नाही. जाणकार प्रौढ शेजारी नसताना विद्यार्थ्याने तर मुळीच बांधू नये. पण बांधण्यापूर्वीचा बहुतेक अभ्यास विनाधोका करता येतो. १२एएक्स७च्या माहितीपत्रकातील आलेख फळ्यावर मोठा काढावा. आडव्या अक्षावर २५० व्होल्ट आणि उभ्या अक्षावर अडीच मिलिअँपिअर हे बिंदू सरळ रेषेने जोडले की १ लाख ओहमची भाररेषा मिळते. त्याच आलेखावर कॅथोडच्या १५०० ओहमची रेषा काढली की दोन्ही जिथे छेदतात तो विश्रांतीचा बिंदू. वर दिलेले ०.८५ मिलिअँपिअर तिथून येतात का, हे विद्यार्थ्यांनी पट्टी लावून ताडून पाहावे. पुनर्भरणाच्या दिशेचा प्रयोग ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक क्रियात्मक वर्धक, चार रोध आणि छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन होतो. टोके उलटी केली की शीळ ऐकू येते. कपॅसिटर रिकामा होण्याचा आलेख ९ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरड आणि १०,००० ओहमवर घड्याळ लावून काढता येईल. कालांक दहा सेकंद, त्यामुळे हाताने नोंदी घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.